दोन जावांची एक पाभर

मित्रांनो, मी पाभर आहे. जुनी आहे, हे वेगळे सांगायला नको. अंगावरच्या भेगा पाहिल्या की कळते. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल, म्हणून आधी ओळख करून देते. एक जाड आडवे लाकूड आणि त्याला खाली बसवलेले तीन दात, म्हणजे फण. पुढे लांब दांडी, ती बैलांच्या जुवाला बांधतात. वर एक लाकडी वाटी, तिला चाडे म्हणतात. चाड्याच्या तळाशी भोके आणि त्या भोकांतून पोकळ नळ्या थेट फणांमागे उतरलेल्या. बैल चालतात, फण जमीन चिरतात, मागून चालणारे माणूस मुठीतले बी चाड्यात सोडत जाते आणि ते नळीतून ओल्या मातीत पडते. झाले. एवढेच माझे काम.

पण हे काम मला सुखासुखी करू दिले असेल तर शपथ. पेरण्यात माझे थोडेच दिवस गेले. पेरायचे की थांबायचे, यावरची भांडणे ऐकण्यात मात्र जन्म गेला.

माझा जन्म सुताराच्या अंगणात झाला. एका कोरड्या वर्षी बांधावरची बाभूळ उभ्या उभ्या वाळली. शेताचे मालक, म्हणजे आमचे आबा, ती तोडून सुताराकडे घेऊन गेले. सुतार मोठा बोलका होता. त्याचे हात थांबत, पण तोंड थांबत नसे. झाडच तहानेने मेले आहे, आता हिला उन्हाचे भय नाही, असे तो आबांना सांगत होता आणि किकऱ्याने लाकडात भोके पाडत होता. लोहाराने फणांना पोलादी टोके बसवली. तेल पिऊन मी अशी काळीभोर झाले, की येणारेजाणारे हात फिरवून जात.

आमचा मुलूख मुळातच कोरडा. पाऊस येथे कधीही सढळ हाताचा नव्हता. पण कंजूस माणसाचीही एक रीत असते. तो काय देणार नाही, हे आधीच ठाऊक असते. आबांच्या काळी पावसाचे तसेच होते. वारा फिरला, मुंग्यांनी अंडी उंचावर हलवली, की आबा मला छपरातून बाहेर काढत. दुष्काळ तेव्हाही पडत, पण दर वर्षी नवे सोंग घेऊन येत नसत. आबा बैल हाकत आणि त्यांच्या दोन सुना आळीपाळीने चाड्यावर मूठ धरत. संध्याकाळी आबा माझ्या फणांची माती काडीने काढत आणि मला कोरड्या जागी ठेवत. त्या वेळी वाटे, आयुष्य म्हणजे हेच.

मग आबा गेले. थोरला मुलगा ट्रकवर चालक झाला. धाकटा शहरात सिमेंटच्या गोदामावर लागला. रान राहिले दोन सुनांच्या हाती. एक थोरली, एक धाकटी. गावही त्यांना त्याच नावांनी ओळखे.

थोरली म्हणजे घाई. चूल पेटायच्या आधी भांडे चढवणारी. आभाळ जरा काळवंडले, की ती बैल सोडायला धावे. धाकटी तिच्या अगदी उलट. पाऊस पडून गेला, की ती रानात जाऊन बसे आणि मातीत हात खुपसे. ओल कोपरापर्यंत लागली तर पेरायचे, नाही तर नाही. हात बाहेर काढून ती तो असा निरखून पाही, जणू त्यावर काही लिहिलेलेच आहे. ते पाहून थोरलीचे डोके फिरे. आबा होते तोवर या दोघींच्या मधे एक भिंत होती. ती गेल्यावर त्यांच्या मधे उरले मी.

आणि नेमके तेव्हापासून पावसाने ताळ सोडला.

पहिल्या वर्षी तो लवकर आला. झोडपून पडला. थोरली म्हणाली, आजच पेरायचे. धाकटी म्हणाली, ओल वरवरची आहे, पुढची सर येऊ द्या. थोरलीने ऐकले नाही. मी राबले, बी पडले, रान हिरवेगार उगवले. थोरली बांधावरून राणीसारखी फिरू लागली. त्यानंतर पाऊस गेला तो गेलाच. राहिला नुसता वारा. कोवळी रोपे आधी माना टाकू लागली, मग टोकांपासून जळत गेली. धाकटी त्या सगळ्या काळात एक अक्षर बोलली नाही. मित्रांनो, बोललेले परवडते. ते न बोलणे साऱ्या घराला टोचत होते. पुढे पाऊस परतल्यावर उरलेसुरले बी घालून त्यांनी दुबार पेरले, तेव्हा कुठे वर्ष कसेबसे सरले.

दुसऱ्या वर्षी थोरलीने हात वर केले. तुझ्या मनाप्रमाणे होऊ दे, म्हणाली. पाऊस पुन्हा लवकर आला. धाकटीने मातीत हात घातला आणि थांबायचे ठरवले. त्या वर्षी थांबायला नको होते. ओल पुरेशी होती, शेजाऱ्यांचे पेरून उगवूनही आले. पुढची सर यायला फार वेळ लागला आणि आली ती ढगफुटीसारखी. बांध फुटले. आम्ही पेरले तेव्हा हंगाम निम्मा सरला होता. ज्वारी वाढली, पण ऐन दाणे भरायच्या वेळी उन्हाने गाठली. कणसे ताठ उभी आणि आत फोल. थोरली गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. ती जे बोलली ते साऱ्या आळीने ऐकले, आणि ज्यांना ऐकू आले नाही त्यांना तिने पुन्हा जाऊन सांगितले.

तिसऱ्या वर्षी दोघींनीही रेडिओचे ऐकायचे ठरवले. रेडिओवर रोज एकच: तुरळक ठिकाणी पाऊस. थोरली वैतागून म्हणे, हे तुरळक गाव कुठे आहे ते एकदा कुणी दाखवा, मी तिथेच जमीन घेते. पाऊस शेजारच्या रानात पडला, नाल्यापलीकडे पडला, आमच्या बांधाला हात लावून परत फिरला.

आता तुम्हीच सांगा, यात चुकले कोणाचे? एक वर्ष घाई नडली, एक वर्ष धीर नडला, एक वर्ष दोन्ही कामाला आली नाहीत. मी फणांनी माती ओळखते. मला तरी दोघींपैकी कोणीही मूर्ख वाटली नाही. पण आभाळाशी भांडायची सोय नाही. त्याला टोमणा मारला तर ते तोंड पाडत नाही की माहेरी निघून जात नाही. मग माणसे जवळचे माणूस शोधतात.

भांडण वाढत गेले आणि एक दिवस वाटण्या झाल्या. दोघे भाऊ त्यासाठी रजा काढून आले. दोघेही पायांतल्या बुटांकडे बघत बसून होते; बोलत होत्या त्या जावाच. वरचे मुरमाड रान थोरलीला, खालचे काळ्या मातीचे धाकटीला. मधे दगडांची रांग, आणि घराच्याही मधोमध भिंत. बैलजोडीही तोडली, एक इकडे, एक तिकडे. जन्मभर एका जुवाखाली चाललेली ती मुकी जनावरे दिवसभर एकमेकांना हंबरून विचारत राहिली, हे काय चालले आहे. शेवटी वेळ माझ्यावर आली. धाकटी म्हणाली, पाभर माझ्याकडे राहील. थोरली म्हणाली, खुशाल ठेव. आणि तिने दोरी सोडून माझे चाडे आणि नळ्या उचलल्या आणि आपल्या घरी चालती झाली.

कोणी हसू नका. एकीकडे माझे धड, दुसरीकडे तोंड. बैल एकेकटे. बरे, पेरायला दोन माणसे लागतात, एक हाकायला आणि एक मूठ धरायला. तीही आता भिंतीच्या दोन बाजूंना. इतकी चोख वाटणी मी आजवर पाहिली नाही. कोणालाच काही मिळणार नाही याची एवढी काळजी शत्रूसुद्धा घेत नाही.

मी धाकटीच्या गोठ्यात भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्या दांडीवर ओले कपडे वाळू लागले. एका फणाला वाळवी लागली. चाड्याची बातमी मला शेजारपाजारच्या बोलण्यातून कळली. थोरलीची कोंबडी त्यात अंडी घालत होती.

पेरणीसाठी दोघींनीही ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवले. तसा तो भला माणूस. पण पाऊस पडला की साऱ्या गावाला तो एकाच दिवशी हवा असतो. आधी मोठी, सपाट राने, मग आमच्यासारखे दगडधोंड्यांचे तुकडे. वाटणीनंतरच्या पहिल्या वर्षी आमची पाळी येईपर्यंत ओल खाली गेली. बी कोरड्या मातीत पडले आणि पाखरांनी टिपले. दोघींच्याही घरी त्या वर्षी भुसाच जास्त आला. फोनवर दोन्ही भाऊ एकच सांगत होते: बैल विकून टाका आणि शहरात या. धाकटी ऐकून घेई, पण उत्तर देत नसे. थोरली भिंतीपलीकडून मोठ्याने सांगे, रान सोडून येणार नाही. धाकटीच्या मनातलेही तेच असावे.

पुढच्या पावसाळ्यात दोघींकडे एकेक मडके बी उरले होते. थोरलीकडे ज्वारी आणि धाकटीकडेही ज्वारी, जोडीला थोडे मूग. हे आबांच्या वेळचे बियाणे, बाजारात मिळत नव्हते. मडके रिकामे झाले की मागे काही नाही, मग शहरच.

पाऊस उशिरा आला आणि एका दुपारी चांगला मुरला. धाकटीने रानात हात घातला, ओल कोपरापर्यंत लागली. थोरली तिकडे वरच्या बाजूला ट्रॅक्टरवाल्याच्या दारात जाऊन आली. त्याने हात जोडले. आठवडा तरी लागेल, म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून वारा सुटला. कोरड्या मुलखात असा वारा ओल कशी ओढून नेतो, ते ज्याने पाहिले आहे त्यालाच कळेल. काळी माती वरून राखाडी होत जाते, तुमच्या डोळ्यांदेखत.

धाकटी गोठ्यात आली. तिने माझ्या दांडीवरचे कपडे काढले, वाळवी झटकली आणि मला खांद्यावर घेतले. मी काही हलकी नाही. तिची मान वाकली, पण ती थेट दगडांच्या रांगेपाशी जाऊन थांबली. पलीकडे थोरली एकट्या बैलाची दोरी धरून उभी होती. काय करायचे ते तिलाही सुचत नव्हते, हे उघड दिसत होते.

दोघी आळीपाळीने आभाळाकडे आणि बैलाकडे बघू लागल्या. मला तर ओरडावेसे वाटत होते.

“ताई,” धाकटी म्हणाली, “चाडं आहे का घरात?”

थोरलीने तिच्याकडे न बघता उत्तर दिले. “आहे. कोंबडी बसलीय त्यात.”

“मग तिला उठवा.”

थोरलीच्या ओठांचा कोपरा हलला. ती गेली आणि चाडे, नळ्या घेऊन आली. चाड्यात अजून पिसे आणि काडीकचरा होता. दोघींनी मिळून ते पुसले, नळ्या फुंकून मोकळ्या केल्या आणि मला बांधले. धाकटीने जू आणले आणि आपला बैल सोडला. बैलांना जुवाखाली आणायला काही करावे लागले नाही. ते आपणच येऊन उभे राहिले.

मला वाटले, सुटले बाई एकदाची. कसले काय. थोरली म्हणाली, दोन्ही रानं आजच्या आज पेरून टाकू. धाकटी म्हणाली, सगळं बी आजच घालायचं नाही, पुढचा पाऊस येईलच असं नाही. झाले सुरू. बैल जुंपलेले, बी ओंजळीत, वारा ओल पळवतोय, आणि या दोघी माझ्या दोन बाजूंना उभ्या राहून तेच जुने भांडण पहिल्यापासून सांगतायत. कोणत्या वर्षी कोण बरोबर होते आणि कोण चुकले. मी लाकडाची नसते तर त्या दिवशी कपाळ बडवून घेतले असते.

अखेर थोरलीच थकून खाली बसली. हे मी पहिल्यांदाच पाहत होते. ती म्हणाली, “मला काही कळत नाही गं. खरं सांगते. दर वर्षी वाटतं आता कळलं, आणि दर वर्षी तोंडावर आपटते.”

धाकटी तिच्याजवळ बसली. “मला तरी कुठं कळतं? मी हात घालते, तो खाली किती ओल आहे एवढंच सांगतो. वर काय होणार ते सांगत नाही.”

मग तिने हळूहळू मनातले सांगितले. तुमचे अर्धे रान आज पेरू आणि माझेही अर्धे. उरलेले अर्धे पुढच्या पावसावर. ज्वारीच्या ओळींमधे मुगाची एकेक ओळ घालू, तो लवकर येतो. आणि जे पिकेल ते दोन्ही घरांत सारखे, ते कोणाच्या रानात पिकले हे विचारायचे नाही.

थोरलीला ते पटेना. “म्हणजे निम्मं बी वाया जाणार, हे ठाऊक असताना पेरायचं?”

“कुठलं निम्मं, ते ठाऊक नाही ना. म्हणून.”

थोरलीने वाऱ्याकडे पाहिले, मग मडक्याकडे. उठली आणि बैलांची दोरी हातात घेतली. धाकटीने चाड्यावर मूठ धरली. किती दिवसांनी माझ्यातून बी उतरत होते! वाळवी लागलेला फण कुरकुरत होता, पण मोडला नाही. थोरली वळणावर बैलांना हाक देई आणि मागून धाकटी म्हणे, सावकाश. थोरली सावकाश जात नव्हती, पण दोन वेळा सांगितल्यावर जात होती.

पुढे काय झाले? सगळे छान झाले, असे सांगायला मला आवडले असते. तसे झाले नाही. पाऊस पुन्हा दडी मारून बसला. थोरलीच्या मुरमाड रानातले पहिले निम्मे पीक साफ जळाले. मूग तेवढा मूठभर हाती आला. ती रोज सकाळी दगडांच्या रांगेवर बसून ते पाही आणि धाकटी रोज तिच्याजवळ येऊन बसे. काळ्या मातीतले निम्मे तग धरून राहिले. मग पाऊस आला आणि आम्ही उरलेले पेरले. ते बरे आले, पण काढणीच्या तोंडावर अवेळी सरी पडल्या आणि काही कणसे काळी पडली.

खळ्यावर रास पडली तेव्हा धाकटीचा नवरा आला होता. रास मोठी नव्हती. त्याने आजूबाजूला पाहिले आणि बायकोला हळूच म्हणाला, बहुतेक सगळं आपल्याच रानातलं आहे. थोरली जवळच पाखडत होती. तिचे हात थांबले.

धाकटी म्हणाली, “पेरताना विचारलं नव्हतं. आता कशाला विचारता?” आणि तिने पहिले सूप थोरलीच्या पोत्यात ओतले.

तो पोत्याचे तोंड धरायला वाकला.

त्याच्या पुढचे वर्ष उलटे निघाले. पाऊस थांबेचना. काळ्या मातीत पाणी तुंबले, मुळे कुजली, धाकटीचे रान पिवळे पडले. मुरमातून मात्र पाणी वाहून गेले आणि थोरलीची ज्वारी डोक्याच्या वर गेली. त्या वर्षी दोन्ही घरे वरच्या रानावर जेवली. थोरलीने याबद्दल बढाई मारली नाही असे मी म्हणणार नाही. पण पोती मोजताना तिने आधी धाकटीचे भरले.

आता दगडांची रांग आहे, पण तिच्यावरून ये-जा करून मधली वाट गुळगुळीत झाली आहे. सुताराने मला नवा फण बसवला. दोघी दर पावसाळ्यात अजूनही भांडतात. फक्त आता भांडण आधीच उरकतात, आभाळ कोरडे असताना, ज्वारी निवडत बसल्या बसल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंची एवढी विनंती आहे. वापर झाला की आमची माती काढा, आम्हाला कोरड्या जागी ठेवा, वर्षातून एकदा तेल पाजा. आमचे तुकडे करून वाटू नका. वाटलेल्या पाभरीने कोणाचेच पेरून होत नाही. पाऊस येत्या वर्षी काय करील, ते मला ठाऊक नाही आणि तुम्हालाही कळणार नाही. म्हणून सगळे बी एकाच दिवशी टाकू नका, आणि चुकलेल्या माणसावर फार रागावू नका, पुढच्या वर्षी चुकण्याची पाळी तुमची असेल. आणि भांडायचेच असेल तर खुशाल भांडा. पण जमिनीत ओल असेल तेव्हा आधी मला जुंपा.